खंडेलवालजींची मोटर

४ जून

हॉस्पिटलवाल्यांनी आज सोडलं. सोडलं म्हणजे जामिनावर सोडलं. इंजेक्शन घरी येऊन देणार, रक्त तपासायला बोलावणार, आणि काही वाकडं दिसलं की परत आत.

झालं असं की लघवीतलं इन्फेक्शन किडनीत चढलं आणि तिथून रक्तात उतरलं. थंडी वाजून असा ताप आला की जयपूरच्या उन्हाळ्यात मी दोन रजया मागत होतो, आणि बायको, आमची सुवर्णा, कूलर बंद करावा की मला झोडावं या विचारात उभी होती. मुलाने, संकल्पने, रात्रीच गाडी काढली म्हणून वाचलो. गोळ्यांना ते जंतू दाद देईनात. तपासणीत निघालं की त्यांना दोनच औषधं लागू पडतात आणि दोन्ही सुईनेच घ्यायची. पहिलं दिवसातून तीनदा, म्हणजे हॉस्पिटलातच पडून राहायचं. दुसरं ॲमिकॅसिन, दिवसातून एकदाच. मी म्हटलं, जे घेऊन घरी जाता येईल ते द्या.

डॉक्टर माथुर बाई आहेत. वयाने संकल्पएवढ्या, पण बोलणं एखाद्या डिव्हिजनल इंजिनिअरचं. निघताना मला आणि सुवर्णाला समोर बसवून म्हणाल्या, "दवा अच्छी है, पर तेज है, ढोकेजी. किडनी और कान, दोनों पर नजर रखनी पड़ेगी." मग लांबलचक ऑर्डर. रोज ठरल्या वेळी एक डोस, सलाइनमधून सावकाश, घाई करायची नाही. पाणी भरपूर. मधून मधून किडनीचं रक्त. दुखण्याची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. आणि कानात आवाज यायला लागला, ऐकायला कमी झालं, चालताना तोल गेला तर त्याच मिनिटाला फोन, कारण कानाचं एकदा गेलं ते बहुतेक परत येत नाही. औषध सुरू करायच्या आधी माझ्या कानांची तपासणीही करून घेतली होती. वयाच्या मानाने ठीक निघाली.

मी म्हटलं, "यस मॅडम. सब ठीक है."

"अभी तो मैंने कुछ पूछा ही नहीं," त्या म्हणाल्या.

काय करणार, सवय! आयुष्यभर रेल्वेत रुळांचा इन्स्पेक्टर होतो. रेल्वेच्या डॉक्टरपुढे खरं बोलणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या पुलगावचा शामराव. दर काही वर्षांनी होणाऱ्या मेडिकलमध्ये भोळेपणाने बोलून गेला की डावा कान जरा जड वाटतो. झालं! अनफिट! लाइनीवरून उचलला आणि रेकॉर्ड रूममध्ये स्टुलावर नेऊन बसवला. वाघासारखा गडी रिटायर होईपर्यंत फायलींवरची धूळ झटकत होता. तेव्हापासून आम्हा सगळ्यांचा मंत्र एकच: डॉक्टर काहीही विचारो, सब ठीक है. रिटायर झालो म्हणून मंत्र थोडाच रिटायर होतो?

६ जून

इंजेक्शन द्यायला बनवारी नावाचा पोरगेला माणूस येतो. इकडे पुरुष नर्सला 'कंपाउंडर साहब' म्हणतात. बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला बाटली टांगतो, सुई जोडतो आणि समोर बसून मोबाइलवर नाचगाणी पाहत राहतो. मी म्हटलं, "थोडी स्पीड बढाओ ना, भैया." म्हणतो, "मैडम डांटेंगी."

नाचगाण्याचा आवाज परवा केवढा मोठा होता. आज आपणहून बारीक ठेवला. मी काही न बोलता सुधारला. माणसाच्या नजरेत जरब असली की पुरते.

ताप गेला आहे. भूक लागते आहे. सुवर्णाने मुगाचं वरण केलं, त्यात मीठ विसरली, तरी दोनदा घेतलं.

८ जून

आज सकाळपासून कुठेतरी मोटर चालू आहे.

आवाज बारीक आहे, पण एकसारखा. ईंऽऽऽ असा. थांबत नाही, चढत नाही, उतरत नाही. आमच्या या मुरलीपुरा भागात आवाजांना तोटा नाही म्हणा. मागच्या गल्लीत कुणी बेअरिंग घासतो, कुणी पत्रे कापतो. पण हा आवाज आपल्याच घरातला आहे, हे मी उशीवर डोकं ठेवल्याबरोबर ओळखलं. खाली घरमालक खंडेलवालजी राहतात आणि त्यांची बोअरची मोटर आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहे.

खाली जाऊन सांगितलं. खंडेलवालजी बनियनवर बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "मोटर तो सुबह से बंद है, बाबूजी."

मी म्हटलं, मग हे काय वाजतं आहे? ते बिचारे मान वाकडी करून ऐकत राहिले. मग बायकोला बोलावलं, तिनेही ऐकलं. दोघंही म्हणाले, कुछ नहीं. चोराच्या उलट्या बोंबा! मोटर जुनी झाली, बेअरिंग गेलं, बदलायला जिवावर येतं, हे सरळ सांगा ना.

बनवारीने जाताना विचारलं, "कान में कोई आवाज, अंकल?" मी म्हटलं, "कान में नहीं, मकान में है." तो हसला. मीही हसलो. सब ठीक है.

९ जून

एक गोष्ट लिहून ठेवलीच पाहिजे. माझ्या आजारपणाने सुवर्णा पार बदलून गेली.

ही बाई सकाळी डोळे उघडले की बोलायला लागते आणि झोपेतही अर्धं वाक्य पुरं करते. लग्न झाल्यापासून हेच. पण दोन दिवसांपासून बघतो आहे, किती हळू बोलते! ओठ हलतात, हात हलतात, पण आवाज कसा मंद, शालीन. स्वयंपाकघरातून हाका मारणं तर बंदच केलंय. दारात येऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघते. डोळ्यांत काय ते प्रेम! मी तिला म्हटलंसुद्धा, "तुझं हे असं वागणं मले लय आवडलं."

तर एकदम अंगावर आली. "मी कवाची आवाज देऊन राहिली! भिंतीसंग बोलून राहिली का मी? साहेब झाले का तुमी, हाकेले ओ न द्यायले?"

म्हणजे कौतुक केलं तरी बोलणी खा. असो. तरी बोलली हळूच.

संकल्पचं मात्र बिघडत चाललंय. त्याचं मराठी आधीच अर्धं. जन्म अजमेरचा, शाळा इथली, 'मतलब' आल्याशिवाय वाक्य होत नाही. आता तर शब्दच खातो. जेवताना काहीतरी म्हणाला, मला नुसतं 'ओ... आ... आ' ऐकू आलं. म्हटलं, बाबा रे, तोंड उघडून बोल, तुझ्या आजोबाने हयात घालवली मराठी शाळेत शिकवण्यात. तो सुवर्णाकडे बघायला लागला. तिने खांदे उडवले.

१० जून

कुकर खराब झाला.

सुवर्णा भाजी आणायला गेली. जाताना माझ्या तोंडासमोर तीन बोटं नाचवून सांगून गेली, तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करा. मी खुर्ची टाकून समोर बसलो. जबाबदारीचं काम म्हटलं की माझी नजर हलत नाही. पण शिटी होईना! वाफ उडते, शिटीचं नळकांडं थयथय नाचतं, पण आवाज नाही. मी वाट पाहिली. मग जळल्याचा वास आला. मग सुवर्णा आली. पुढचं लिहीत नाही.

दुपारी उन्हात टोपी घालून कुकर घेऊन सीकर रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने रबर बघितलं, शिटी साफ केली, पाणी घालून शेगडीवर ठेवला. वाफ आली. तो माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, "देखा? नहीं बज रही."

तो म्हणाला, "अंकल, बज तो रही है."

मी म्हटलं, "कहाँ?"

त्याने कुकरकडे बोट दाखवलं. मग दुकानात बसलेल्या एका बाईला विचारलं, "बहनजी, बज रही है ना?" ती म्हणाली, बज रही है. ओळखीची असणार. मी दोघांना चार शब्द सुनावले आणि कुकर उचलला. दुरुस्तीवाला माझ्या मागे दुकानाच्या पायरीपर्यंत आला आणि बराच वेळ बघत राहिला. पकडला गेला ना! आमच्या पुलगावात अशी फसवाफसवी कुणी करत नाही.

मोटर चालूच आहे.

११ जून

आज हॉस्पिटलात बोलावणं होतं. किडनीचं रक्त दिलं. पहिल्यापेक्षा जरा वर आहे पण हाताबाहेर नाही, असं माथुर मॅडम म्हणाल्या आणि पाणी वाढवायला सांगितलं. मग समोर वाकून एकेक शब्द तोडून विचारलं, कानात आवाज? ऐकायला कमी? चक्कर?

मी म्हटलं, "सब ठीक है मैडम."

सुवर्णा मध्ये पडली. "मैडम, ये आजकल मेरा कुछ सुनते ही नहीं."

बाहेरच्या बाकावरचे दोघे-तिघे नवरे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, कानाची तपासणी आज ठरलेलीच आहे, आत्ताच करून या.

तपासणी म्हणजे एका काचेच्या खोक्यात बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी मशीन चालवते. मागच्या वेळी मशीन उत्तम होतं. या वेळी बिचारीच्या मशीनची बॅटरी उतरली होती. सुरुवातीला एक-दोन आवाज आले आणि नंतर काहीच नाही. बसलो आहे आपला. तिकडे ती पोरगी बटणं फिरवते आहे, बघते आहे, फिरवते आहे.

पण मीही रेल्वेचाच. लगेच लक्षात आलं की आवाज सोडला की ती मान वर करून माझ्याकडे बघते. मग काय! तिने मान वर केली की मी बटण दाबलं. मध्ये एखादं मुद्दाम सोडलं, संशय नको म्हणून. उगाच माझ्यापायी तिच्या मशीनची तक्रार व्हायला नको, गरीब पोरीची नोकरी असते.

शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "अंकल, आपके कान तो पहले से भी अच्छे आए!"

सुवर्णाकडे मी फक्त एक नजर टाकली. मॅडमनी कागद दोनदा उलटा-सुलटा केला. "पहले से अच्छे? ऐसा होता तो नहीं है." मग म्हणाल्या, सोमवारी पुन्हा करू या, दुसऱ्या मशीनवर. करा बापहो. मेडिकलमध्ये शेषराव ढोके आजपर्यंत नापास झालेला नाही.

१२ जून

या घराची फरशी उताराची आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या कसं लक्षात आलं नाही?

सकाळी बाथरूमकडे जाताना डावीकडे ओढला गेलो. परत येताना पुन्हा डावीकडे. म्हणजे जाताना एक बाजू, येताना दुसरी. फरशी दोन्हीकडून उतरती. ट्रंकेतून माझं जुनं लेव्हल काढलं, त्यातला बुडबुडा मधोमध आला की पृष्ठभाग समतल. गुडघ्यांवर बसून सगळी खोली मोजली. बुडबुडा मधोमध. पुन्हा मोजली. मधोमध. मग लेव्हलच बिघडलं असणार, ट्रंकेत पडून पडून. ज्या लेव्हलवर शेकडो गाड्या सुखरूप गेल्या ते शेवटी खंडेलवालजींच्या फरशीने बिघडवलं.

सुवर्णा दारात उभी राहून बघत होती. जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!"

हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

फरशीवर रांगून कंबर धरली. मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणली होती, तीही तिने हातातून काढून घेतली. म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं होतं?" मग माझ्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाली, "खरं सांगा. तुमाले ऐकू येते ना बरोबर?"

"मले?" मी म्हटलं. "अवं, कालच पास होऊन आलो!"

ती काही बोलली नाही. बोलली असेल तर हळू बोलली.

१३ जून

समोरच्या कडुनिंबावर रोज संध्याकाळी पोपटांचा थवा येतो आणि नुसता कल्ला करतो. आजही आले. पण गप्प. चोची उघडतात, मिटतात, पंख आपटतात, भांडतात, सगळं नेहमीसारखं, फक्त आवाज नाही. उन्हाने घसे बसले असतील.

शामरावला पुलगावला फोन केला. जयभीम, जयभीम झालं आणि पुढे नेटवर्क गेलं. त्याला माझं ऐकू येत होतं, मला त्याचं नाही. बहुतेक त्याचा फोन जुना.

कुठे कुठे दुरुस्ती करायची? कुकर, फोन, फरशी, पोपट, मोटर. सगळं जयपूर बिघडलंय. आणि ते ईंऽऽऽ आता डोक्यात बसलंय. आज जेवताना एकदम रडूच आलं. का आलं ते कळलं नाही. सुवर्णाने पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. मी होय म्हटलं.

१४ जून

खंडेलवालजींशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तुमची मोटर माझा जीव घेणार आहे. ते म्हणाले, बाबूजी, आप जो कहो सो बंद कर देता हूँ, फिर तो मानोगे?

मी तिथल्या तिथे उद्याचा ब्लॉक मागितला. ब्लॉक म्हणजे रेल्वेत रूळ दुरुस्त करताना ठरलेल्या वेळी सगळी वाहतूक थांबवतात तो. रविवारी दुपारी घराची आणि आजूबाजूच्या घरांची सगळी वीज बंद. मोटर, कूलर, पंखे, फ्रीज, चक्की, एकही चाक फिरता कामा नये. मग आवाज कुठून येतो ते शोधू. आवाज थांबला तर खंडेलवालजी मोटर काढून फेकतील. नाही थांबला तर मी गल्लीदेखत त्यांची माफी मागेन.

मी गल्लीभर फिरून सगळ्यांना समजावलं. लोक तयार झाले. आजारी माणसाला नाही म्हणवत नाही, असं संकल्प म्हणाला वाटतं. तो हल्ली माझ्याकडे तोंड करून बोलतच नाही.

१५ जून, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी ट्रंकेतून लाल आणि हिरवी झेंडी काढली, टोपी घातली आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी लाल झेंडी वर केली. एकेका घराचा मेन स्विच पडला. कूलर थांबले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला खुर्चीसकट बाहेर सावलीत आणून बसवलं, आत पंख्याशिवाय जीव घाबरतो म्हणून. बायका पदराने वारा घेत उभ्या. मागच्या गल्लीतल्या बेअरिंगवाल्यानेही काम थांबवलं. खंडेलवालजी मोटरचा फ्यूज काढून हातात धरून आले आणि सगळ्यांना दाखवला. तेवढ्यात बनवारी इंजेक्शनची पिशवी घेऊन स्कूटरवर आला, त्यालाही मी झेंडी दाखवून इंजिन बंद करायला लावलं.

सगळे गप्प. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

ईंऽऽऽ.

"चालू है!" मी ओरडलो. "सुनो! चालू है!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, कुणीतरी इन्व्हर्टर चालू ठेवलाय. संकल्प घराघरांत जाऊन आला, मान हलवली. मी म्हटलं, मग खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. म्हणाले, तो परवापासून जळून पडलाय, लाइन दुसरीकडून घेतली आहे. मी म्हटलं, जमिनीखालून येतो आहे. आणि खरंच खाली वाकून, डांबरावर कान टेकायला निघालो. डोकं गरगरलं. खंडेलवालजींनीच धरलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच शंका आली.

सुवर्णा गर्दीतून पुढे आली. माझ्या मागे उभी राहिली आणि आपल्या दोन्ही हातांनी माझे दोन्ही कान गच्च झाकले.

आवाज थांबला नाही. उलट वाढला.

तिने हात काढले, समोर आली आणि विचारलं. ओठांवरून कळलं: "कमी झाला का जास्त?"

"जास्त," मी म्हटलं.

बाहेरची मोटर असती तर कान झाकल्यावर मंदावली असती. एवढं कळायला इन्स्पेक्टर असावं लागत नाही. दोष लाइनीत नव्हता, लाइन तपासणाऱ्यात होता. कुकर वाजत होता. पोपट ओरडत होते. सुवर्णा हाका मारत होती. पोराचे शब्द त्याने नाही, मी खाल्ले. माथुर मॅडमनी जे जे सांगितलं होतं ते एकेक मला झालं होतं, आणि मी ते खंडेलवालजींच्या नावावर टाकत होतो. भ्यालो मी.

बनवारी पिशवी घेऊन जिन्याकडे निघाला होता, डोसची वेळ झाली म्हणून. सुवर्णाने माझ्या हातातली लाल झेंडी हिसकली आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी धरून उभी राहिली. तो गोंधळून थांबला. तिने तशीच एका हातात झेंडी धरून दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आजचा डोस देऊ नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या. हे मला संकल्पने नंतर मोबाइलवर टाइप करून दाखवलं.

निघायच्या आधी मी खंडेलवालजींपुढे हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले आणि फ्यूज खिशात टाकून स्वतः गाडीचं दार उघडलं.

१६ जून

हॉस्पिटल. पुन्हा काचेचं खोकं, दुसरं मशीन, तीच पोरगी. या वेळी मी डोळे मिटून बसलो. बटण दोन-चार वेळाच दाबलं. बाकी वेळ नुसता बसून होतो. बाहेर आलो तर पोरीचा चेहरा पडलेला. मी तिला सांगितलं की त्या दिवशी तुझी मान बघून दाबत होतो. ती आधी हसली आणि मग हसायला नको होतं असं वाटून तिने तोंड फिरवलं.

माथुर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. बारीक, उंच आवाज गेलेत, दोन्ही कानांचे. ते बहुतेक परत येणार नाहीत. औषध बंद. दुसरं औषध दिवसातून तीनदा, उरलेले दिवस इथेच. वेळेवर थांबलं तर बाकीचं ऐकणं वाचेल. आवाज सुरू झाला त्याच दिवशी सांगितलं असतं तर आणखी वाचलं असतं.

मी शामरावची आणि स्टुलाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि खाली एक ओळ लिहिली, ती इथे उतरवून ठेवतो: 'ढोकेजी, यह रेलवे का मेडिकल नहीं है. यहाँ फेल होंगे तभी तो इलाज होगा.'

खूप राग आला. त्यांचा नाही.

२४ जून

घरी आलो. जंतू गेले, किडनी ठिकाणावर येते आहे. चक्कर कमी आहे. ते ईंऽऽऽ थोडं उतरलंय, पण आहे. कायमचा भाडेकरू दिसतो. कानात घालायचं मशीन महिन्याभराने बघू म्हणतात. समोर बसून, तोंडाकडे बघून, मोठ्याने बोललं तर मला जवळजवळ सगळं कळतं.

त्याचा परिणाम असा झाला की आमच्या घरात आता काही खासगी उरलं नाही. सुवर्णा बोलते ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. सकाळी ती ओरडली, "पाणी पेले का?" मी तोंड उघडायच्या आत खालून खंडेलवालजी ओरडले, "पी लिया, भाभीजी! मैंने छज्जे पर देखा!" दुपारी मला लघवी साफ झाली का याची चौकशी झाली. समोरच्या आजीने खुर्चीतून समाधानाने मान हलवली. रेल्वेत असतानासुद्धा माझी एवढी दखल कुणी घेतली नव्हती.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. सुवर्णा समोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "मान वर कर, मले दिसत नाही काय बोलली ते."

तिने मान वर केली. डोळे भरलेले होते. आणि एकदम, संतापून, गल्ली दणाणेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "मी म्हणलं, मले लय भेव वाटलं होतं! तुमीच ऐकणार नाही त मी बोलू कोणासंग?"

खालचा टीव्ही बंद झाला. समोरच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई हातात चादर धरून तशीच उभी राहिली. या वेळी खालून कुणी उत्तर दिलं नाही.

मला ऐकू आलं होतं. एकूण एक अक्षर ऐकू आलं होतं. मी कानामागे हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणली?"